सातबाऱ्यावर सतरा नावं

मा. श्री. संजय मल्होत्रा,
गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई यांस


मी पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणचा, नोकरीला मुंबईत. माझे वडील गावी मनीऑर्डर पाठवायचे. पोस्टमन घाट चढून यायचा आणि आजी अंगठा उठवायची. २०१६ साली यूपीआय आलं आणि तो घाट संपला. त्याबद्दल मनापासून आभार. पण पैसे सहज आले, तरी पत अजून घाटाखालीच आहे.

पावसाळ्यात आमच्याकडे धबधबे बघायला पर्यटक येतात. माझी वहिनी त्यांना नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा करून वाढते. पाहुणे क्यूआर स्कॅन करतात, रेंज नसली तर वळणापर्यंत चालत जाऊन पैसे भरतात. तीन पावसाळ्यांची तिची कमाई बँकेच्या खात्यात ओळीने नोंदलेली आहे. पाहुण्यांसाठी पडवी वाढवायला तिला ऐंशी हजार हवे होते. तालुक्याच्या एका बँकेने जागेचा सातबारा मागितला. त्यावर सतरा नावं आहेत, निम्मी मुंबईत, दोन सुरतेला, तिघं वारलेली आणि वारसनोंद बाकी. कोकणातला सामाईक सातबारा असाच असतो. सूक्ष्म उद्योगाच्या छोट्या कर्जाला तारण मागू नये असं आपल्याच बँकेने बजावलंय, पण काउंटरवर कुणाला ते आठवलं नाही.

मग एका दुसऱ्या कर्जदात्याने सांगितलं, सातबारा नको, फक्त खात्याचे व्यवहार बघायची संमती द्या. ही आपलीच अकाउंट ॲग्रीगेटर योजना. २०१६ ला नियम झाले, सप्टेंबर २०२१ पासून ती प्रत्यक्षात आली. मला ती फार मोलाची वाटते. आजवर जिथे खातं, तिथेच माणसाचा इतिहास अडकून पडायचा. दुसऱ्या बँकेच्या दारात आपण अनोळखी, म्हणून पहिली बँक सांगेल तो व्याजदर. आता इतिहास आपल्याबरोबर चालतो. तो पोचवणाऱ्या मधल्या कंपनीला वाचता येत नाही, ती फक्त पोचवते आणि दिलेली संमती मागेही घेता येते. ब्रिटनमध्ये २०१८ पासून नऊ मोठ्या बँकांना ग्राहकाच्या संमतीने माहिती खुली करायला लावली, तीही ही मक्तेदारी मोडायलाच.

ही संमती द्यायला वहिनी फोन घेऊन वळणावर गेली. ओटीपी आला तोवर स्क्रीनवरची मुदत संपली होती. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पान उघडलं तेव्हा तिने मला फोन लावला, "भावजी, हे इंग्रजीत काय लिहिलंय? कशाला हो म्हणतेय मी?" कोणत्या खात्याची माहिती, कशासाठी, किती दिवस, हे सगळं त्या पानावर होतं. तिच्या भाषेत नव्हतं. तिने फोन बंद केला, आणि तिचं बरोबर होतं. न कळता दिलेल्या होकाराला संमती कशी म्हणायची?

तिच्या पतसंस्थेतल्या दहा वर्षांच्या आवर्त ठेवीचंही असंच. एक हप्ता चुकलेला नाही, पण पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत, म्हणून या यंत्रणेला ती दिसतच नाही. आमच्याकडच्या बायकांची बचत असते तिथेच.

शेवटी बचत गटाने तीस हजार दिले. शेजारच्या बायका तिला ओळखतात, तेवढं पुरलं.

साहेब, संमतीचं पान मराठीत दाखवणं सक्तीचं करा. जिथे रेंज धड नाही तिथे ओटीपीची मुदत वाढवा. बँकमित्राच्या किंवा पोस्टाच्या टेबलावर बसून, वाचून घेऊन, कागदावर छापील प्रत हातात घेऊन संमती देता आली पाहिजे. पतसंस्थांसाठी राज्य सरकारशी बोला. आणि हे लवकर व्हावं, कारण यूपीआयचे पाचातले चार व्यवहार दोनच ॲपच्या हाती गेलेत. एका ॲपकडे तीस टक्क्यांहून जास्त नको, ही मर्यादा २०२० मध्ये जाहीर झाली आणि तिची मुदत २०२६ अखेरपर्यंत लांबली. कर्जाच्या बाजारातही आधी दोघं-तिघं बसले, तर वहिनीला पुन्हा एकच दार उरेल.

आपल्याकडचं कुणी हे तपासायला येणार असेल, तर त्यांना आषाढात पाठवा. २२ जुलै २०२१ ला याच तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर दरडी आल्या, त्या पावसात फोन काय कामाचा असतो ते इथे राहूनच कळतं. जेवण वहिनीकडे. पडवीवर तीस हजारांत बसले तेवढे पत्रे आहेत, पुढे ताडपत्री.

आपला नम्र,
कुडपणचा एक मुंबईकर