ऑगस्टमधलं पाकीट

मंडळी, आज थोडा उपदेश आहे, आधीच सांगून ठेवतो. वैताग येत असेल तर ही खिडकी बंद करून खुशाल ट्रेकला जा. पण तुम्ही स्वतः किंवा तुमचे कोणी भाऊ-बहीण, काका-मावशी अमेरिकेचे नागरिक होऊन वॉशिंग्टन राज्यात राहत असतील (राजधानीचं वॉशिंग्टन नव्हे, सिअ‍ॅटलवालं), तर शेवटपर्यंत वाचा.

इथे जुलैच्या मध्यावर प्रत्येक नोंदणी झालेल्या मतदाराच्या पोस्टाच्या पेटीत एक पाकीट येऊन पडतं. ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी राज्याची प्रायमरी असते, तिची मतपत्रिका. किमान १८ दिवस आधी ती पाठवायचीच, असा नियम आहे. वेगळा अर्ज नको, रांग नको, ऑफिसातून सुट्टी नको. २०११ च्या कायद्यानंतर अख्खं राज्य टपालाने मतदान करतं. परतीच्या पाकिटाला तिकीटसुद्धा लावावं लागत नाही. आपल्याकडे उन्हात दोन तास उभं राहून बोटाला शाई लावून घेणाऱ्या माणसाला हे ऐकून हेवाच वाटेल.

आणि तरी होतं काय? २०२४ च्या ऑगस्टमधल्या प्रायमरीत जेमतेम ४१ टक्के मतदान झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ७९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाकीट घरात येऊन पडलेलं असताना निम्म्याहून जास्त लोकांनी ते तसंच राहू दिलं. माझी मावसबहीण त्यातलीच एक. विचारलं तर म्हणते, "अरे, प्रायमरीच तर आहे. नोव्हेंबरात करू की!"

तर मुद्दा असा, की ताई, नोव्हेंबरात तुझ्यासमोर कोण असणार ते ऑगस्टमध्ये ठरतं.

बऱ्याच राज्यांत प्रायमरी म्हणजे प्रत्येक पक्षाने आपापला उमेदवार निवडणं. वॉशिंग्टनमध्ये २००८ पासून तसं नाही. सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच यादीत, मतदाराने त्यातला कुठलाही एक निवडायचा आणि सगळ्यांत जास्त मतं मिळवणारे पहिले दोन नोव्हेंबरात जाणार, पक्ष कुठलाही असो. थोडक्यात ही उपांत्य फेरी. आणि जिथे उपांत्य फेरी आहे तिथे आपला जुना मित्र आलाच... मतविभागणी!

२०१६ साली राज्याच्या खजिनदारपदासाठी तीन डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन उभे होते. तिघा डेमोक्रॅटांची मतं मिळून निम्म्याहून थोडी जास्तच होती, पण तिघांत वाटली गेली. पहिले दोन आले ते दोन्ही रिपब्लिकन. नोव्हेंबरात लाखो डेमोक्रॅट मतदारांपुढे आपल्या पक्षाचं नावच नव्हतं. तुमचा कल कुठल्याही पक्षाकडे असो, हे गणित उद्या तुमच्यावरही उलटू शकतं.

दुसरं उदाहरण २०२४ चं. कमिशनर ऑफ पब्लिक लँड्स म्हणून एक पद आहे. नाव रुक्ष, पण राज्याच्या मालकीची जंगलं आणि वणवे विझवण्याचं खातं त्याच्या हाताखाली असतं. (इथल्या उन्हाळ्यात वणव्याच्या धुरामुळे खिडक्या लावून बसलेल्यांना हे खातं किती महत्त्वाचं ते सांगायला नको.) सात उमेदवार, सुमारे १९ लाख मतं. पहिल्या जागेचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या जागेसाठी डेमोक्रॅट डेव्ह अप्थग्रोव्ह आणि रिपब्लिकन स्यू क्यूल पेडरसन यांच्यात इतकी चुरस झाली की मतं हाताने पुन्हा मोजावी लागली. शेवटी अप्थग्रोव्ह ४९ मतांनी पुढे. एकोणपन्नास! आमच्या गणेशोत्सवात मोदकांच्या रांगेत याहून जास्त माणसं असतात. हेच गृहस्थ नोव्हेंबरात निवडूनही आले.

आता कामाचं बोलतो. टपालाने मत देणं सोपं आहे, पण ते वाया घालवणंही तितकंच सोपं आहे.

पहिली गोष्ट, पत्ता. घर बदललं की आपण बँक आणि ऑफिसला कळवतो, मतदार नोंदणीला विसरतो. मतपत्रिकेचं पाकीट इतर टपालासारखं नव्या पत्त्यावर पाठवलं जात नाही, परत जातं. राज्याच्या मतदार संकेतस्थळावर पत्ता बदलायला पाच मिनिटं लागतात, पण ते मतदानाच्या आठ दिवस आधीपर्यंतच. त्यानंतर काउंटीच्या कार्यालयात स्वतः जावं लागतं, आणि तिथे मात्र अगदी मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत नोंदणी होते.

दुसरी गोष्ट, सही. ती बाहेरच्या पाकिटावर करायची, मतपत्रिकेवर नव्हे. पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात आणि मगच मतपत्रिका पाकिटातून वेगळी काढतात. तुम्ही मत दिलंत हे कळतं, कोणाला दिलंत ते नाही. (सॉफ्टवेअरवाल्यांनो, ओळख पटवणं आणि गुप्तता अशी वेगवेगळी ठेवलेली पाहून बरं वाटतं की नाही?) मात्र लायसन्सवर इंग्रजीत सही आणि इथे मूड लागला म्हणून मराठीत झोकदार सही, असं करू नका. राज्याच्या ऑडिटरने २०२० च्या निवडणुकीचा अभ्यास केला तेव्हा तरुण मतदारांची पाकिटं जास्त प्रमाणात नाकारली गेल्याचं दिसलं होतं. सही जुळली नाही तर काउंटी तुम्हाला कळवते आणि निकाल प्रमाणित होण्याआधी दुरुस्तीची संधी देते. ते पत्र जाहिरात समजून कचऱ्यात टाकू नका.

तिसरी गोष्ट, वेळ. पोस्टाने पाठवायचं तर आठवडाभर आधी टाका. शेवटच्या दोन-चार दिवसांत टपालाच्या शिक्क्याच्या भरवशावर राहू नका, सरळ मतपेटी गाठा. वाचनालयं, सरकारी कार्यालयं अशा ठिकाणी त्या बसवलेल्या असतात आणि मतदानाच्या दिवशी रात्री आठ वाजता बंद होतात. आठ म्हणजे आठ, आपले आठ नव्हेत :-) नंतर पाकीट पोचलं की नाही तेही संकेतस्थळावर बघता येतं.

आणि माझ्यासारख्या एच-१बी किंवा ग्रीन कार्डवाल्यांसाठी चौथी गोष्ट. लायसन्स काढताना कोणी मतदार नोंदणीबद्दल विचारलं तर स्पष्ट 'नाही' म्हणा. नागरिक नसताना संघराज्याच्या निवडणुकीत मत देणं हा १९९६ पासून गुन्हा आहे, आणि नागरिक असल्याचा खोटा दावा तुमचा इथला मुक्कामच संपवू शकतो. 'चुकून टिक झालं' हे कारण फार महागात पडतं.

मग मत नसलेल्याने एवढी बडबड का करावी? कारण माझी अवस्था त्रिशंकूची आहे. इथे मत नाही. भारतात २०१० च्या दुरुस्तीने अनिवासी नागरिकाला मतदार म्हणून नोंदवता येतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. प्रतिनिधीमार्फत मत देऊ देणारं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपताच बारगळलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक झाली तेव्हा मी इथे रेडमंडमध्ये स्टँडअप मीटिंगमध्ये होतो. एका मतासाठी पुण्याचं विमान पकडणं मला काही परवडलं नाही.

ज्याच्या हातात पाकीट येऊन पडतं आणि तो 'प्रायमरीच तर आहे' म्हणतो, त्याचा म्हणून राग येतो. नोव्हेंबरातल्या दोन नावांवर नंतर वर्षभर पार्ट्यांमध्ये नाकं मुरडायची, आणि ती दोन ठरत असताना पाकीट फ्रिजवर चुंबकाखाली लटकत ठेवायचं, हे बरं नाही.

ओळखीत कोणी नागरिक असेल तर जुलैच्या शेवटच्या वीकांताला एक फोन करा. कोणाला मत दे ते सांगू नका, ती भांडणं आपण दिवाळीत करू. फक्त विचारा, "सही करून पाकीट टाकलंस का?"