केसाहून पातळ ‘कृत्रिम पडदा’ : बातमी काय सांगते आणि तुमच्या डोळ्यासाठी तिचा अर्थ काय?

अलीकडे पडद्याच्या ओपीडीत एक प्रश्न वारंवार येतो. कधी रेटिनायटिस पिगमेंटोझा असलेल्या मुलाचे वडील, कधी वयस्कर आईला घेऊन आलेली मुलगी मोबाइल पुढे करते. ‘डॉक्टर, अणूइतक्या पातळ पदार्थाचा कृत्रिम पडदा बनवलाय म्हणे. आमच्याकडे कधी येणार?’ काही जण त्याही पुढे जाऊन विचारतात, की तोपर्यंत चालू असलेली इंजेक्शने थांबवली तर चालेल का?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : थांबवू नका. आता बातमीकडे वळू.

या बातम्यांमध्ये दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. एक आहे प्रयोगशाळेतला अतिपातळ पदार्थांचा सेन्सर. दुसरी आहे माणसांच्या डोळ्यात प्रत्यक्ष बसवलेली सिलिकॉनची चिप. मथळा पहिल्याचा असतो आणि चष्मा लावून वाचणाऱ्या आजींचा फोटो दुसऱ्याचा.

पातळपणाचा फायदा काय?

डोळ्याचा पडदा म्हणजे रेटिना. तो डोळ्याच्या आतल्या गोल भिंतीला वाटीसारखा चिकटलेला असतो आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास असते. सिलिकॉनची चिप सपाट, कडक आणि ठिसूळ. सपाट फरशीचा तुकडा वाटीत ठेवून पाहा : कडा टोचतात आणि मध्ये पोकळी राहते. म्हणून अशी चिप लहानच ठेवावी लागते आणि चिप लहान म्हणजे दिसणारा भागही लहान.

इथे ग्राफीन आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे पदार्थ उपयोगी ठरू शकतात. ग्राफीन म्हणजे पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा एकच थर. तो २००४ मध्ये मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी वेगळा केला आणि त्यासाठी त्यांना २०१० चे नोबेल मिळाले. मॉलिब्डेनम डायसल्फाइड तर गॅरेजवाल्यांच्या ओळखीचे आहे, त्यांच्या काळ्या ‘मॉली’ ग्रीसमध्ये तेच असते. त्याचा एक थर माणसाच्या केसापेक्षा सुमारे एक लाख पटीने पातळ असतो, आणि तरीही जाडीच्या मानाने तो प्रकाश चांगला शोषतो आणि त्याचे विजेत रूपांतर करतो. शिवाय तो वाकतो.

याच गुणांचा उपयोग करून दक्षिण कोरिया आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये वाटीच्या आकाराचा मऊ सेन्सर तयार केला. उंदराच्या डोळ्यावर त्याची चाचणी झाली. पडद्यावर ताण कमी पडतो आणि सेन्सरने टिपलेल्या प्रकाशानुसार मज्जातंतूंना उद्दीपित करता येते, हे त्यांनी दाखवले. त्याच वर्षी बार्सिलोनातल्या एका संस्थेने ग्राफीन वापरून दृश्य प्रकाशाबरोबर अतिनील आणि अवरक्त किरणही टिपणारा कॅमेरा सेन्सर दाखवला. दोन्ही कामे मोलाची आहेत. पण उंदराच्या डोळ्यात काही काळ चालणे वेगळे आणि सत्तरीच्या माणसाच्या डोळ्यात, खारट द्रवात, वीस वर्षे टिकणे वेगळे. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकेरी थर शरीरातल्या द्रवात हळूहळू विरघळतो, असे प्रयोगांत दिसले आहे. काही आठवड्यांसाठी बसवायच्या सेन्सरला हा गुण आहे, कायमच्या पडद्याला ही अडचण आहे.

माणसांवर काय सिद्ध झाले आहे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ‘प्रिमा’ या चिपचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही चिप सिलिकॉनची आहे : २ मिलिमीटर बाय २ मिलिमीटर, जाडी ३० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या साधारण निम्मी. तिच्यावर ३७८ प्रकाशग्राही ठिपके आहेत. निरोगी पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या घरात असतात, ही तुलना मनात ठेवा.

चिप पडद्याच्या खाली बसवतात. रुग्ण कॅमेरा लावलेला चष्मा घालतो. कॅमेऱ्यातले चित्र अवरक्त किरणांच्या रूपाने चिपवर पडते, चिप त्याची वीज करते आणि त्या विजेने पडद्यातल्या शिल्लक पेशी जाग्या होतात. युरोपातल्या पाच देशांमधल्या ३८ रुग्णांना ती बसवली. वर्षभरानंतर तपासलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांच्या नजरेत ठोस सुधारणा झाली. अनेकांना घरी अक्षरे, आकडे, शब्द वाचता आले. आपल्या क्षेत्रात हे पहिल्यांदाच घडते आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे.

आता दुसरी बाजू. १९ रुग्णांमध्ये मिळून २६ गंभीर दुष्परिणाम नोंदवले गेले. बहुतेक शस्त्रक्रियेनंतरच्या दोन महिन्यांतले होते आणि बहुतेक बरेही झाले. दिसते ते रंगीत नसते. चष्म्यातली झूम वापरून एकेक अक्षर लावत वाचायचे असते आणि त्यासाठी महिनोन्महिने सराव लागतो. नातवाचा चेहरा पूर्वीसारखा दिसेल, ही अपेक्षा या चिपकडून ठेवू नका. भारतात हा उपचार आज नेहमीच्या वापरात नाही.

तुमच्या आजारात हे लागू पडते का?

खरा प्रश्न चिप किती पातळ आहे हा नाही, तुमच्या पडद्याचा कोणता थर शिल्लक आहे हा आहे.

पडद्यात एक थर प्रकाश टिपतो आणि पुढचे थर तो संदेश मेंदूकडे पाठवतात. वयोमानाने पडद्याचा मध्यभाग झिजतो तेव्हा, किंवा रेटिनायटिस पिगमेंटोझात, मुख्यतः प्रकाश टिपणारा थर मरतो आणि पुढचे बरेच शाबूत राहते. म्हणून तिथे कृत्रिम सेन्सरला अर्थ आहे. ‘प्रिमा’चा हा अभ्यास मात्र पहिल्या आजाराच्या कोरड्या प्रकारातल्या रुग्णांवर झाला होता. काचबिंदूत मेंदूकडे जाणारी नसच खराब होते, तिथे पडद्यात कितीही चांगला सेन्सर बसवला तरी संदेश पोहोचणार नाही. मधुमेहाने खराब झालेल्या पडद्यात रक्तवाहिन्या, सूज, व्रण अशा अनेक भानगडी एकत्र असतात. आपल्याकडे काचबिंदू आणि मधुमेहाचे रुग्ण भरपूर आहेत आणि बातमी पाहून सर्वांत जास्त आशा तेच घेऊन येतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

कंपनी बंद पडली तर?

हा प्रश्न रुग्ण विचारत नाहीत, पण विचारायला हवा. ‘आर्गस २’ नावाच्या कृत्रिम पडद्याला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांना तो बसवला गेला. २०१९ मध्ये कंपनीने तो बनवणे थांबवले आणि पुढे आर्थिक अडचणीत सापडली. ज्यांच्या डोळ्यात यंत्र होते त्यांना सुटे भाग आणि दुरुस्ती मिळेना. ‘प्रिमा’ विकसित करणारी फ्रेंच कंपनीही दिवाळखोरीत गेली, २०२४ मध्ये ते काम अमेरिकेतल्या दुसऱ्या कंपनीने विकत घेतले म्हणून पुढे चालू राहिले.

त्यामुळे उद्या कुणी तुम्हाला कोणत्याही इम्प्लांटच्या चाचणीत घेऊ लागले, तर संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारा : दहा वर्षांनी चष्मा बिघडला तर कोण दुरुस्त करणार? यंत्र काढावे लागले तर खर्च कुणाचा? ते डोळ्यात असताना एमआरआय करता येईल का? आणि चाचणीत भाग घेण्यासाठी कुणी पैसे मागत असेल, तर तिथून उठा. अमेरिकेत पडद्याच्या आजारावर ‘स्टेम सेल’च्या नावाखाली पैसे घेऊन इंजेक्शने दिल्याने तीन महिलांची दृष्टी गेल्याची नोंद २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे.

आज काय करता येईल

पडद्याच्या ओल्या प्रकारात इंजेक्शनच्या तारखा चुकवू नका. चुकलेल्या महिन्यांत गेलेली नजर बहुधा परत येत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोझा असेल तर जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला. आरपीई६५ या एका जनुकातल्या दोषावर २०१७ पासून अमेरिकेत जनुक-उपचार मान्य आहे आणि पुढच्या चाचण्यांतही आधी तुमचे जनुक कोणते हेच विचारतील. भावंडांचीही तपासणी करून घ्या, विशेषतः ज्यांना संध्याकाळनंतर चाचपडायला होते त्यांची. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक भरत असेल तर यूडीआयडी कार्ड काढा. लो व्हिजन क्लिनिकमध्ये मिळणारी भिंगे आणि फोनमधली मोठ्या अक्षरांची, वाचून दाखवण्याची सोय लावून घ्या. अनेक रुग्णांचे रोजचे वाचन आजही एवढ्यावर चालते.

आणि ओसीटी स्कॅनचा नुसता छापील कागद घेऊ नका, मूळ चित्रे पेनड्राइव्हवर मागून घ्या. कोणता थर शिल्लक आहे ते त्यातूनच समजते.