नोक्रेक : मेमांग नारंगाचे शिखर

डोंगर चढावयाचा तो माथ्यावरून दिसणाऱ्या देखाव्यासाठी, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. या वेळी मात्र आपणांस अशा एका शिखराकडे न्यावयाचे आहे, की जेथे माथा गाठूनही पुष्कळदा झाडी आणि ढग यांवाचून दुसरे काही दृष्टीस पडत नाही. तरीही तेथे जावे, आणि मुले चालण्याजोगी झाली असल्यास त्यांनाही बरोबर न्यावे, अशी शिफारस मी करणार आहे. तिचे कारण एक लहानसे, आंबट फळ आहे.

मेघालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिलाँग आणि चेरापुंजी उभी राहतात. प्रवाशांची गर्दीही तिकडेच असते. राज्याच्या पश्चिम भागातील गारो टेकड्यांकडे फारच थोडे लोक वळतात. या टेकड्यांतील सर्वांत उंच शिखर म्हणजे नोक्रेक. त्याची उंची १४१२ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या आसपासची. हिमालय येथून फार लांब नाही. पण नोक्रेकचे नाते हिमालयाशी नसून आपल्या दख्खनशी आहे, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. मेघालयाचे पठार हा भारतीय द्वीपकल्पाच्या प्राचीन खडकाचाच तुटलेला तुकडा होय. राजमहालच्या टेकड्या आणि गारो टेकड्या यांच्यामधील भूभाग खचला, त्यावर गंगा-ब्रह्मपुत्रेने आणलेला गाळ साचला, आणि हा भाऊ घरापासून दूर राहिला. म्हणून मराठी माणसाने येथे अगदीच परकेपणाने पाऊल टाकण्याचे कारण नाही.

जाण्याची वाट अशी : गुवाहाटीहून तुरा हे गाव मोटारीने सुमारे सव्वादोनशे किलोमीटर पडते. आगगाडीने जावयाचे असल्यास मेंदीपठारपर्यंत जाता येते. मेघालयातील हे पहिले रेल्वे स्थानक २०१४ साली सुरू झाले. तुरा गावाच्या डोक्यावरच तुरा शिखर आहे. त्याची उंची ८७२ मीटर. पहिल्या दिवशी ते चढून पायांची परीक्षा घ्यावी. नोक्रेकचा परिसर राष्ट्रीय उद्यानात मोडत असल्यामुळे तुऱ्यातील वनखात्याच्या कचेरीत परवानगीची चौकशी आधीच करावी. तेथून विल्यमनगरच्या रस्त्याने निघून, ओरागितोकवरून आत वळून डारीबोकग्रे या वस्तीस पोहोचावयाचे. शिखराची पायवाट येथूनच सुरू होते.

वस्तीत शिरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गारो लोक स्वतःस आचिक म्हणवितात. त्यांच्यात कुळ आईकडून चालते. मुले आईचे कुळनाव लावतात, आणि घराचा वारसा एका निवडलेल्या मुलीकडे, बहुधा धाकटीकडे, जातो. तिला नोकना म्हणतात. कुळाच्या सामाईक जमिनीला आकिंग हे नाव आहे. तिची व्यवस्था नोकमा पाहतो. परंतु त्याचा तो मान वारसदार स्त्रीचा पती या नात्यानेच असतो. आपण ज्या रानातून जाणार, त्याच्या भोवतालची जमीन अशी कोणाच्या तरी घरची आहे. तेव्हा आल्याची वर्दी नोकमास द्यावी, वाटाड्या वस्तीतलाच घ्यावा, त्याची मजुरी निघण्यापूर्वी ठरवावी, आणि निरोप घेताना ‘मितेला’ म्हणावे. त्या भाषेत आभार मानावयाचे ते असे. ‘वाट तर दिसतेच आहे, माणूस कशाला?’ असा विचार करणाऱ्याने एवढेच लक्षात घ्यावे, की या रानात हत्तींचा वावर आहे, आणि त्यांच्या ताज्या खुणा वाचण्याची विद्या आपल्यापाशी नाही.

पहाटे निघावे. उजाडताच रानातून एक लांबवर जाणारी, चढत चढत जाणारी हाळी ऐकू आली, तर जागच्या जागी थांबावे. ती हूलॉकची. भारतात आढळणारा हा शेपूट नसलेला वानर जमिनीवर क्वचितच उतरतो. फांद्यांना हातांनी लोंबकळत तो झाडोझाडी जातो. त्यामुळे मधले एक मोठे झाड तोडले, तरी त्याचा रस्ता खुंटतो. मुलांना रान सलग का असावे लागते हे पाठ्यपुस्तकातून शिकविण्यापेक्षा येथे पाच मिनिटे उभे करावे.

पुढे वाट उंच झाडांच्या सावलीतून चढते. बुंध्यांवर शेवाळ, फांद्यांवर आमरी, पायाखाली कुजलेल्या पानांचा मऊ थर. या ओलाव्यातूनच सिमसांग नदीचा उगम होतो. विल्यमनगर, सिजू, बाघमारा अशी गावे करीत ती बांगलादेशात उतरते, आणि तेथे तिला सोमेश्वरी म्हणतात. माथ्यावरचे रान पावसाचे पाणी धरून ठेवते, म्हणून खालच्या दोन देशांतील शेतकऱ्यांना नदी मिळते.

आणि मग, वाटाड्याने दाखविले तर, ते झाड दिसते. झाड कसले, काटेरी झुडूपच ते. फळ लहान, पिकल्यावर तांबूस-नारिंगी, चवीला आंबट. गारो भाषेत त्याचे नाव मेमांग नारंग. मेमांग म्हणजे मृतात्मा. नारंग हा शब्द तर आपल्याच ओळखीचा. संस्कृतातील हाच ‘नारंग’ अरबस्तानात ‘नारंज’ झाला, स्पेनमध्ये ‘नारांखा’ झाला आणि पुढे इंग्रजांच्या घरी ‘ऑरेंज’ होऊन बसला. गारो लोक मृत्यूनंतरच्या विधींत हे फळ वापरीत आले आहेत, आणि औषध म्हणूनही त्याला त्यांच्यात मान आहे. शास्त्रज्ञांनी त्यास ‘सिट्रस इंडिका’ असे नाव दिले आहे. संत्र्या-लिंबांच्या रानटी आप्तांत ते अतिशय जुन्या वळणाचे मानले जाते.

आपल्याबरोबरचा मुलगा किंवा मुलगी त्या क्षणी काय करील, हे आपणही ओळखले असेल. खाली पडलेले फळ उचलून ते खिशात घालील. ते फळ त्यास परत ठेवावयास लावावे. उद्यानातून काहीही नेण्यास बंदी आहे, हे एक कारण झाले. पण तेवढे सांगून थांबू नये. ‘एका फळाने काय होते?’ असे मूल विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नागपूरच्या बागेतून द्यावे.

विदर्भातील संत्र्याचे झाड खरे पाहता दोन झाडे मिळून झालेले असते. वर संत्रे, आणि खाली बहुधा जंबेरीचा खुंट. जंबेरीचे रोप वाढवून त्यावर संत्र्याचा डोळा भरतात. फळ आपण संत्र्याचे खातो; पण जमिनीशी झुंज देतो तो खुंट. बुंध्यातून डिंक गळू लागला, मुळे कुजू लागली, की बागाईतदाराच्या पंधरा-वीस वर्षांच्या कष्टांवर पाणी पडते. अशा वेळी अधिक काटक खुंट कोठून आणावयाचा? तो गुण बहुधा रानातल्या आप्तांतच शोधावा लागतो. जंबेरी स्वतःदेखील संत्र्याच्या आणि महाळुंगाच्या कुळांचा संकर होय. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने असे दाखविले, की या साऱ्या घराण्याचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याच्या प्रदेशात, म्हणजे पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युन्नान या पट्ट्यात असावे. गारो टेकड्या त्या पट्ट्यापासून फार दूर नाहीत. उद्या येणाऱ्या रोगावरचे उत्तर कोणत्या रानझाडात दडलेले आहे, हे आज कोणासही सांगता येत नाही. म्हणूनच ती सारी राखावयाची. याच हेतूने नोक्रेकवर लिंबूवर्गीय झाडांच्या वंशरक्षणासाठी खास क्षेत्र राखण्यात आले. १९८८ साली भारत सरकारने ८२० चौरस किलोमीटरचा परिसर जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला, आणि २००९ साली युनेस्कोने त्याचा आपल्या जागतिक यादीत समावेश केला.

तथापि यादीत नाव आले म्हणजे झाड वाचले, असे होत नाही. गारो लोकांची पूर्वापार शेती फिरती. रानाचा तुकडा तोडून, जाळून, एकदोन वर्षे पिकवून सोडून द्यावयाचा, आणि तेथे रान पुन्हा माजल्यावर परत यावयाचे. विश्रांती दीर्घ होती तोवर ही पद्धत डोंगरास सोसत होती. माणसे वाढली, जमीन पुरेना, आणि ही विश्रांती आखूड झाली. सोडलेल्या जागी काजू, सुपारी, रबर यांच्या बागाही उभ्या राहिल्या. त्यात त्या लोकांचा दोष काढणे सोपे आहे. पण मुलांच्या शाळेचा खर्च भागविण्यास रोख पैसा त्यांनाही हवाच, हे विसरून चालणार नाही. मेमांग नारंगाची झाडे आज दुर्मिळ होत चालली आहेत. एक पिकले फळ म्हणजे काही बिया. त्या त्याच ओल्या मातीत पडल्या, तरच पुढची झाडे. येथे आपल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होते. आणि वस्तीतल्या वाटाड्यास दिलेली मजुरी हे दान नसून, उभे रान तोडलेल्या रानाइतकेच कमावते आहे याचा तो रोख पुरावा होय, हेही त्यास सांगावे.

आता थोडे व्यवहाराचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात वाट निसरडी होते आणि जळवांचा उपद्रव असह्य होतो. तरी मिठाची पुरचुंडी जवळ असावी. हिवतापाचे भय या भागात जुने आहे. निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, मच्छरदाणी न्यावी, लांब बाह्यांचे कपडे घालावे. वस्तीत भात मिळतो, पण त्याबरोबर बहुधा सुकी मासळी किंवा मांस असते. शाकाहारी मंडळींनी डाळ बरोबर घ्यावी. सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पावलाने सर्वांनी चालावे, आणि दुपार उतरणीला लागताच माथा गाठलेला नसला तरी मागे फिरावे. रानात अंधार लवकर होतो.

माथ्यावर ढग असले, तर हिरमुसू नका. ज्यासाठी एवढे चढावयाचे ते वाटेतच पाहून झालेले असेल. घरी परतल्यावर एखाद्या संध्याकाळी संत्रे सोलताना मुलांना पुन्हा विचारून पाहा, याचे आजोळ कोठे? रिकाम्या खिशाने परतलेले मूल त्याचे उत्तर चटकन देईल.