नाळ कधी पडली?

बारशाला बाळ पाळण्यात घालेपर्यंत नाळ पडलेली असते, हा आपल्या घरांतला जुना हिशेब. वैद्यकशास्त्रालाही तो साधारण मान्य आहे. बहुतेक बाळांची नाळ एक-दोन आठवड्यांत वाळून गळते. ती गळते कशी, हे मात्र कुणी विचारत नाही. नाळेच्या मुळाशी पांढऱ्या पेशी गोळा होतात, मेलेला भाग पोखरतात आणि मग ती सुटते. बाळाच्या प्रतिकारशक्तीने जन्मानंतर उरकलेल्या अगदी पहिल्या कामांपैकी हे एक.

नव्वदच्या दशकात मी निवासी डॉक्टर असताना लालबागच्या चाळीतली एक आजी महिन्याभराच्या नातवाला घेऊन आली. ताप होता, बेंबीभोवती लाल झाले होते. पण तिची तक्रार वेगळीच होती. ‘‘डॉक्टर, नाळच पडंना झालीय. माझी पाच बाळंतपणं झाली, असं कधी बघितलं नाही.’’ मी हसून म्हणालो, ‘‘पडेल आजी, घाई कसली?’’ रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी ४८ हजार. आम्ही रक्ताच्या कर्करोगाच्या मागे लागलो. अस्थिमज्जा तपासली, काही निघाले नाही. बेंबीची जखम पसरत होती, पण पू टिपूसभर नव्हता. केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘जखम स्वच्छ’. बाळ अकराव्या दिवशी गेले. आई-वडील सख्खे आत्ते-मामेभाऊबहीण होते आणि आधीचा एक मुलगाही तान्हेपणीच गेला होता, हे मला नंतर कळले. कारण मी विचारलेच नव्हते.

रक्तात पेशींचा पूर आणि जखमेत एकही पेशी नाही, या कोड्याचे उत्तर तेव्हा उपलब्ध होते. ते आमच्यापर्यंत पोचले नव्हते, किंवा आम्ही त्याच्यापर्यंत.

जंतू शिरले की पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीतून बाहेर पडून त्या जागी जावे लागते. रक्त मात्र वेगाने वाहत असते. विरार फास्ट दादरला न थांबता फक्त थोडी हळू होते आहे आणि तुम्हाला उतरायचे आहे, अशी कल्पना करा. पेशी आधी वाहिनीच्या भिंतीला हलके चिकटत, घरंगळत जाते; त्यासाठी सिलेक्टिन नावाचे रेणू असतात. मग ती भिंत घट्ट पकडते. ते काम इंटिग्रिन रेणूंचे. त्यानंतरच ती भिंतीतल्या फटीतून बाहेर सरकते. ज्या बाळांत इंटिग्रिनची ही पकड जन्मतःच नसते, त्यांची गाडी प्रवाशांनी भरून वाहत असते आणि दादरला एकही माणूस उतरत नाही. पू म्हणजे मुख्यतः कामी आलेल्या पांढऱ्या पेशी. त्या पोचल्याच नाहीत तर पू कुठून होणार? आमची ‘स्वच्छ जखम’ ती हीच. या विकाराला ल्यूकोसाइट अ‍ॅढेजन डेफिशियन्सी, थोडक्यात ‘लॅड’, म्हणतात.

हे रेणू सापडले ते आधी उंदरांत, आणि सापडण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्जेस कोहलर आणि सेसार मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड तयार करणारी पेशी आणि कर्करोगाची न मरणारी पेशी एकत्र जोडली. अशा जोडपेशीचा वंश एकाच साच्याचे प्रतिपिंड अखंड बनवत राहतो. ही मोनोक्लोनल अँटिबॉडी. १९८४ चे नोबेल पारितोषिक त्यांना नील्स येर्न यांच्यासोबत मिळाले. मिलस्टाइन यांच्याच प्रयोगशाळेत टिमोथी स्प्रिंगर या तरुण संशोधकाने उंदराच्या पेशी घुशीच्या जातीच्या मोठ्या उंदराला, म्हणजे रॅटला, टोचल्या. रॅटच्या शरीराला त्या परक्या वाटल्या आणि त्याने त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवली. त्यातून वेगळा काढलेला एक वंश एम १/७०. तो उंदराच्या पांढऱ्या पेशींवरच्या मॅक-१ या रेणूला चिकटे आणि, नशीब म्हणा, माणसाच्याही पेशींवरच्या त्याच रेणूला चिकटे.

पुढे उंदरांतच आणखी चतुराईचा प्रयोग झाला. मारेकरी टी पेशी सावजाला मारू शकणार नाहीत असे प्रतिपिंड शोधायचे. जे प्रतिपिंड काम थांबवेल, ते ज्याला चिकटले तो रेणू त्या कामाला आवश्यक. अशा चाळणीतून १९८१ च्या सुमारास एलएफए-१ हा रेणू हाती आला. हे ‘अडवून पाहणे’ मला फार आवडते. घरातला कुठला खटका कुठल्या दिव्याचा, हे आपण तसेच शोधतो. काही वर्षांतच वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या, पू न होणाऱ्या मुलांच्या रक्ताला हीच प्रतिपिंडे लावून पाहिली गेली, तेव्हा मॅक-१, एलएफए-१ आणि त्यांचा तिसरा भाऊबंद, तिन्ही एकदम गायब दिसले. कारण तिघांत एक साखळी सामाईक असते, सीडी-१८. तीच मुळात बिघडलेली. उंदीर, रॅट आणि पेशींच्या बाटल्या यांच्यावर ‘निरुपयोगी संशोधन’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा सरळ रस्ता एकदा पाहावा.

परळला तरी उंदीर परके नाहीत. डॉ. कमल रणदिवे यांनी इथल्या कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला तो गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळात. आणि लॅडच्या गोष्टीतला एक धागा तर थेट केईएममधून जातो. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे आणला. या लोकांच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ ही खूणच नसते. ती बनायला फ्यूकोज नावाची साखर लागते. चाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, इस्रायलमधल्या दोन मुलांत वेगळ्या प्रकारचा लॅड आढळला आणि दोघांचाही रक्तगट निघाला बॉम्बे! सिलेक्टिन ज्या खुणेला पकडते, तिलाही फ्यूकोजच लागते. त्या मुलांत ही साखर पेशीतल्या योग्य जागी पोचतच नव्हती, त्यामुळे दोन्ही खुणा एकदम नाहीशा. (बॉम्बे गटाच्या वाचकांनी घाबरू नये. त्यांच्यात फक्त एच खुणेचे जनुक निकामी असते, प्रतिकारशक्ती शाबूत असते.)

आज निदान अवघड नाही. एक-दोन मिलिलिटर रक्त, चमकणारा रंग जोडलेले सीडी-१८ विरुद्धचे प्रतिपिंड आणि फ्लो सायटोमीटर हे यंत्र. एकेक पेशी लेझरसमोरून जाते. रंग दिसला तर रेणू आहे, नाही तर नाही. काही तासांचे काम. ही तपासणी केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत वर्षानुवर्षे होते. या संस्थेने देशभरातल्या रुग्णालयांसह केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लॅडची शंभराहून जास्त मुले आहेत. दुर्मीळ म्हणून सोडून द्यावा असा हा आकडा नाही, आणि निदानापर्यंत न पोचलेली मुले त्यात धरलेली नाहीत.

आता खटकणारी गोष्ट. हाच विकार होल्स्टीन गाईंतही आहे. अमेरिकेतल्या एका नामांकित वळूच्या वंशातून तो जगभर पसरला. म्हणून आपल्या देशात गोठीत रेतमात्रा तयार करणाऱ्या केंद्रांवरच्या होल्स्टीन वळूंची या दोषासाठी जनुकीय तपासणी करण्याचा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण वासराच्या बाबतीत जी काळजी आपण नियम करून घेतली, ती बाळाच्या बाबतीत एका प्रश्नापुरतीही घेतलेली नाही. माता-बाल कार्डावर वजन असते, लशींच्या तारखा असतात. नाळ पडल्याची तारीख लिहायला कितीशी जागा लागेल? आशाताई नवजात बाळाला बघायला घरी जातातच. नाळ उशिरा पडणाऱ्या बहुतेक बाळांना काहीही झालेले नसते, हे मला ठाऊक आहे. उगाच घबराट नको, असे बालरोगतज्ज्ञ म्हणतील आणि ते बरोबर आहे. मी प्रत्येक बाळाचे रक्त परळला पाठवा म्हणत नाही. तीन-चार आठवडे उलटूनही नाळ आहे आणि सोबत बेंबीचा संसर्ग, पांढऱ्या पेशींचा फुगलेला आकडा, पू नसलेली जखम, नात्यातले लग्न किंवा आधी गेलेले भावंड यांपैकी काही असेल, तर थांबू नका, एवढेच म्हणतो.

थांबण्यासारखे काही नसतेही. सीडी-१८ जवळजवळ शून्य असलेली बहुतेक मुले उपचाराविना दोन वर्षांपलीकडे जात नाहीत. मूलपेशी प्रत्यारोपणाने ती बरी होऊ शकतात. भावंड जुळले तर उत्तमच. खर्च लाखांत जातो. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात प्रत्यारोपणाने बरे होणारे विकार पहिल्या गटात आहेत, नेमलेल्या केंद्रांमार्फत पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि केईएम हे असे एक केंद्र आहे. कागदावर हे सगळे आहे. पण मदतीसाठी आधी निदान लागते, आणि निदानासाठी कुणाला तरी शंका यावी लागते.

याच रेणूंना मुद्दाम अडवणारी औषधेही याच उंदरांच्या वाटेने आली. आतड्याच्या दाहावरचे वेडोलिझुमॅब त्यातलेच. अनेकांना त्याने दिलासा दिला आहे. सोरायसिसवरचे इफॅलिझुमॅब एलएफए-१ ला अडवायचे. काही रुग्णांना मेंदूचा जीवघेणा विषाणुसंसर्ग झाल्यावर २००९ मध्ये ते बाजारातून काढले गेले. पेशींना गाडीतच कोंडून ठेवण्याची किंमत मोठ्या माणसांनाही मोजावी लागते, हे तेव्हा दिसले.

जिल्ह्यातल्या डॉक्टरांसाठी कामापुरते : नमुना ईडीटीएच्या, म्हणजे नेहमीच्या हिमोग्रामच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यावा, गोठवू नये आणि शक्यतो चोवीस तासांत पोचवावा. आधी फोन करून वार-वेळ ठरवून घ्यावी. सोबत निरोगी माणसाच्या रक्ताची एक नळी त्याच वेळी घेऊन पाठवली तर प्रवासात नमुना बिघडला की मुळातच रेणू नाही, हे तपासणाऱ्याला लगेच कळते. कणकवलीहून रात्रीच्या गाडीने निघालेली नळी सकाळी परळला असते.