सर्वांची सायकल

सार्वजनिक सायकलीचें मर्म चाकांत नसून तारणांत आहे. १९६५ सालीं आम्स्टरडॅम येथें 'प्रोव्हो' नामक तरुण मंडळीनें पांढऱ्या रंगाच्या सायकली कुलुपावांचून रस्त्यावर ठेविल्या; ज्यास हवी त्यानें न्यावी, काम होतांच सोडावी. परंतु बिनकुलुपी सायकल रस्त्यावर ठेवणें कायद्यास संमत नव्हतें, म्हणून पोलिसांनींच त्या उचलून नेल्या. (चोरापूर्वीं दाताच अपराधी ठरला!) पॅरिसची 'व्हेलिब' २००७ सालीं निघाली ती निराळ्या विचारानें: आधीं १५० युरोंची हमी, पहिला अर्धा तास बिनभाड्याचा, पुढें भाडें चढत जाई. त्यामुळें मनुष्य कचेरीजवळच्या तळावर सायकल लावून मोकळा होई व ती लागलीच दुसऱ्याच्या कामीं येई.

पुण्यांत पूर्वीं तासावर सायकल देणारीं दुकानें होतीं. तेथें 'अमक्यांचा नातू' एवढेंच तारण पुरे. २०१७ सालीं मोबाइलनें उघडणाऱ्या सायकली आल्या. कांहींची मोडतोड झाली, कांहीं लोकांनीं घरींच अडकवून ठेविल्या, आणि थोड्याच वर्षांत त्या रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. जिन्याखालीं आणून ठेविलेली तसली सायकल घरांतील वडील मंडळींच्या दृष्टीस पडली नसेल, असें मला वाटत नाहीं.