उंदीर पाळायचाय? आधी हे वाचा
"शी! उंदीर कुणी घरात पाळतं का?" म्हणणाऱ्यांची भीती मला कळते. १९९४ ला शेजारच्या बीड जिल्ह्यात, मामल्याला प्लेग आला होता, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून नालीतला, रानातला उंदीर पाळायचा विषयच नाही.

पण पिंजऱ्यातच पिढ्यानपिढ्या वाढलेला पांढरा उंदीर वेगळा. तो हुशार असतो, माणूस ओळखतो, अंग स्वच्छ ठेवतो. माझं भांडण त्याच्याशी नाही, त्याला खेळणं समजणाऱ्या आई-बापाशी आहे.

लेकराच्या वाढदिवसाला हॅमस्टर आणता. तो रात्री जागणारा जीव. दिवसा झोपेतून ओढून काढला की चावणारच! दात जन्मभर वाढतात, कुरतडायला लाकूड लागतं. आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षं. उमरग्याच्या मे महिन्यात, पत्र्याखाली, लाईट गेल्यावर त्याचं काय होतं, विचार केलाय?

२०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला नोंदणी सक्तीची आहे. कागद मागा. नसेल तर घेऊ नका.

गणपतीच्या उंदराला हात जोडायचे आणि पिंजऱ्यातल्याला उकाड्यात मारायचं, ही कसली माया?