टँकर रिकामा कुठं होतो?

दोस्तांनो, मदत पोचवण्याचंही आता शास्त्र झालंय. गोदाम कुठं, साठा किती, ट्रक कोणत्या रस्त्यानं, याचा अभ्यास होतो, पदव्या मिळतात. मिळोत. आपलं भांडण शास्त्राशी नाही. आपलं भांडण शेवटच्या फर्लांगाशी आहे. चावडीपासून बौद्धपुऱ्यापर्यंतच्या.

१८६७ साली अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात जाऊ लागला. १८९९-१९०० च्या दुष्काळात रूळ होते, गाड्या होत्या, तरी वऱ्हाडात माणसं मेली. मजुराच्या कनवटीला दाम नव्हता. वाहन आहे म्हणून घास पोचतोच असं नाही.

१९७२ च्या दुष्काळात परदेशी लाल मिलो आली, सुकडी आली. त्याच दुष्काळानं रोजगार हमी पुढं रेटली, १९७७ मध्ये कायदा झाला. मदतीचा हक्क झाला, तो असा.

आता पूर्णाकाठचा खारपाणपट्टा बघा. विहिरीला पाणी आहे, पण खारं. मग टँकर. टँकर निघाला, पोचला, रिकामा झाला. कागदावर फेरी पुरी! पण तो रिकामा कुठं झाला? गावच्या विहिरीत ओतला, तर आपल्या आयाबायांची घागर कितव्या नंबरानं बुडते? म्हातारी बरोब्बर विचारते, "टँकर त आला ना बापू, पन पानी कोनाच्या घागरीत गेलं?" १९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या तळ्यावर केलेला सवाल फेरीच्या नोंदवहीत नाही.

२००१ चा भूज भूकंप, २००४ ची त्सुनामी. दोन्हीकडं मदतीच्या वाटपात जात आडवी आली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ६१ सांगतं, मदतीत जातीवरून भेद करायचा नाही. छान. पण मोजणार कोण? किती टन गेलं ते मोजतात, कुणापर्यंत गेलं नाही ते मोजत नाहीत.

आणि जमत नाही म्हणू नका. मेळघाटात पावसानं रस्ते तुटतात म्हणून नवसंजीवन योजनेत धान्य पावसाआधीच पोचवायचं ठरलेलं आहे. डोंगराचा विचार नियोजनात होतो, जातीचा का होत नाही?

तेव्हा अमरावती-अकोल्यात शिकणाऱ्या पोरापोरींनो, उन्हाळ्यात गावी जाताना वही न्या. टँकर किती वाजता आला, कुठं ओतला, पहिली घागर कोणत्या पुऱ्याची, शेवटची कोणत्या. तारखेनिशी लिहा. ती वही तहसीलदाराच्या टेबलावर आपटा, कलम ६१ वाचून दाखवा.

दया नको. हिशेब पायजे!